अमेरिकेतल्या हौशी सॉफ्टबॉल लीगमध्ये अंपायरिंग करायचंय? पहिल्या दोन सीझनची तयारी

मी शाळेत असताना जळगावात सॉफ्टबॉल खेळायचे, सेकंड बेसला. ते फास्टपिच. नऊ खेळाडू, ६० फुटांवर बेस, बंट (बॅट न फिरवता चेंडू हळूच टेकवणं) आणि चोरटी धाव हा निम्मा खेळ. लग्नानंतर ओहायोत आले आणि एका संध्याकाळी नवऱ्याच्या ऑफिसची मॅच बघायला गेले. तिथे चेंडू हवेत कमान काढत येत होता, पोट सुटलेले चाळिशीचे गडी धावत होते, बाकावर मुलंबाळं बसलेली. हे स्लोपिच. इथल्या गावोगावच्या पार्क्स अँड रिक्रिएशन खात्यांच्या लीगमध्ये मोठी माणसं बहुतेक हेच खेळतात. खेळ ओळखीचा वाटला म्हणून पुढच्या वर्षी मी अंपायरिंगला नाव दिलं.

त्या लीगने आम्हा नव्या लोकांना एका संध्याकाळी दोन तास शिकवलं, शर्ट दिला आणि आठवड्याने मैदानात उभं केलं. तिसऱ्याच मॅचला फर्स्ट आणि सेकंडवर रनर होते, एकही आउट नव्हता आणि शॉर्टस्टॉपच्या डोक्यावर उंच झेल उडाला. त्याने तो मुद्दाम खाली पडू दिला, उचलला, थर्डला फेकला, तिथून चेंडू सेकंडला. दोन आउट. मी ‘इनफिल्ड फ्लाय’ म्हणायला हवं होतं (म्हणजे झेल पडला तरी बॅटर आउट, मुद्दाम पाडून दोन आउट घेता येत नाहीत), पण तोंडातून शब्दच निघाला नाही. दोन्ही कॅप्टन माझ्यासमोर आले आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. नियम मी वाचला होता. मैदानावर तो अर्ध्या सेकंदात कसा आठवायचा, हे मात्र कोणी शिकवलं नव्हतं.

तेव्हापासून सात सीझन झाले. आता मी नव्या अंपायरांबरोबर उभी राहते आणि पहिल्याच दिवशी त्यांना सांगते की लीगचं ट्रेनिंग अपुरं असणार हे धरूनच चाला आणि उरलेलं स्वतः मिळवा. ते कुठून आणि कसं मिळतं, ते पुढे पायरीपायरीने लिहिलंय.

१. सगळ्यात आधी व्हिसा बघा

आपल्या लोकांची सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. अंपायरला प्रत्येक मॅचमागे पैसे मिळतात आणि ते काम धरलं जातं. एच-वन-बी वर असाल तर तुम्हाला फक्त स्पॉन्सर करणाऱ्या कंपनीचं काम करता येतं; संध्याकाळच्या दोन तासांच्या मॅचचे पैसेही चालत नाहीत. एच-फोर वर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर असाल तर हातात ईएडी कार्ड (काम करण्याचा परवाना) येईपर्यंत थांबा. मीही थांबले होते. ‘पैसे नको, फुकट करते’ असं म्हणून पळवाट काढू नका. ज्या कामाचे इतरांना पैसे मिळतात ते फुकट केलं तरी अडचण होऊ शकते, म्हणून वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका.

एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर शिकणाऱ्यांसाठी मात्र चांगला रस्ता आहे. जवळपास प्रत्येक मोठ्या विद्यापीठात इंट्राम्युरल (विद्यापीठातल्याच विद्यार्थ्यांच्या) लीग असतात आणि त्यांना विद्यार्थी अंपायर लागतात. ते कॅम्पसवरचं काम धरलं जातं, सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांच्या मर्यादेत. तिथलं ट्रेनिंग बऱ्याचदा शहरी लीगपेक्षा चांगलं असतं, कारण तिथे सुपरवायझर रोज मैदानावर उभा असतो. आधी इंटरनॅशनल ऑफिसला विचारून घ्या.

ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर प्रश्न नाही.

२. लीग कोणत्या नियमांनी खेळते ते विचारा, मग नोंदणी करा

सगळीकडे एकच पुस्तक नसतं. सगळ्यात जुनी मोठी संघटना यूएसए सॉफ्टबॉल. ती १९३३ साली अमॅच्युअर सॉफ्टबॉल असोसिएशन म्हणून सुरू झाली, २०१७ पासून हे नवं नाव. मुख्यालय ओक्लाहोमा सिटीत. जुने खेळाडू अजूनही ‘एएसए रूल्स’ म्हणतात, ते हेच. दुसरी यूएसएसएसए, बोलण्यात ‘यू-ट्रिप’. फरक वरवरचा नाही. यूएसए सॉफ्टबॉलच्या स्लोपिचमध्ये पिचची (म्हणजे पिचरने टाकलेल्या चेंडूची) कमान जमिनीपासून किमान ६ फूट हवी. यू-ट्रिपमध्ये ३ ते १० फूट. म्हणजे ५ फुटांचा तोच चेंडू एका मैदानावर चालतो आणि शेजारच्या गावात बेकायदा ठरतो.

तुमच्या भागातल्या संघटनेचा ‘अंपायर-इन-चीफ’ कोण आहे ते शोधा आणि त्याला थेट फोन करा. ईमेलची वाट बघू नका, यांतली बरीच माणसं निवृत्त असतात आणि त्यांना फोनच आवडतो. नोंदणी दरवर्षी करावी लागते. तिच्याबरोबर विमा मिळतो, आणि हाच नोंदणीचा मोठा फायदा आहे. नोंदणी नसलेल्या अंपायरला काही लीग ‘चालेल’ म्हणून घेतात. तुम्ही तसं जाऊ नका. उद्या कोणाला लागलं आणि दावा झाला तर तुमच्यामागे कोणीच उभं नसतं.

हे कागद जवळ ठेवा:

– ड्रायव्हिंग लायसन्स किंवा सरकारी ओळखपत्र
– सोशल सिक्युरिटी नंबर आणि काम करण्याच्या परवानगीचा पुरावा
– भरलेला डब्ल्यू-नाइन हा कराचा फॉर्म (तुम्ही नोकर नसता, स्वतंत्र कंत्राटदार असता)
– पार्श्वभूमी तपासणीचं संमतिपत्र
– लहान मुलांच्या मॅचही घेणार असाल तर सेफस्पोर्ट या खेळाडूंच्या सुरक्षेबद्दलच्या ऑनलाइन प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र
– चालू वर्षाचं नोंदणी कार्ड. त्याचा फोटो फोनमध्येही ठेवा

कराबद्दल एकच सांगते. पगारातून कापतात तसा इथे कर आपोआप कापला जात नाही. खर्च वजा जाता वर्षाची कमाई ४०० डॉलरच्या वर गेली की सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्सही लागतो. मैदानापर्यंतचे मैल, गणवेश, नोंदणी फी हे सगळं पहिल्या दिवसापासून वहीत लिहा.

३. पुस्तक वाचताना डोक्यातलं क्रिकेट बाजूला ठेवा

आपण क्रिकेट पाहत वाढलो, त्यामुळे काही सवयी नकळत हातात येतात. त्या मोडायला मला एक अख्खा सीझन लागला.

पहिली सवय शंकेचा फायदा बॅट्समनला देण्याची. इथे तसं करायचं नसतं. फर्स्ट बेसवर चेंडू आणि रनर जवळजवळ एकदम पोचले तरी तुमच्याकडून एकच उत्तर अपेक्षित असतं, चेंडू आधी की पाय आधी. ‘टाय’ म्हणून तुम्ही सतत सेफ देऊ लागलात की दुसऱ्या इनिंगपर्यंत दोन्ही संघांना ते कळतं.

दुसरी, अपीलची वाट बघणं. बहुतेक निर्णय इथे न विचारता लगेच द्यायचे असतात. पण काही ठिकाणी नेमकं उलटं आहे. झेल घेतला जायच्या आधीच रनरने बेस सोडला किंवा बेसला न शिवता तो पुढे गेला, तर तुम्ही ते पाहिलं असलं तरी गप्प राहायचं. क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाने अपील केलं तरच निर्णय.

तिसरी, झेल घेतला की खेळ थांबला असं वाटणं. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू जिवंतच असतो. झेल होताच रनर बेसला शिवून पळू शकतो. मी पहिल्या महिन्यात दोनदा झेल पाहून मान खाली घालून इंडिकेटर (बॉल, स्ट्राइक, आउट मोजायचं हातातलं यंत्र) फिरवत बसले आणि मागे धाव झाली.

शाळेत फास्टपिच खेळलेल्यांसाठी आणखी थोडं. स्लोपिचमध्ये दहा खेळाडू असतात, पिचर ५० फुटांवर असतो. बंट केला तर बॅटर आउट. चेंडू प्लेटपाशी (बॅटरच्या पुढ्यातल्या होम प्लेटपाशी) पोचायच्या किंवा बॅटला लागायच्या आत रनरने बेस सोडला तर तोही आउट. दोन स्ट्राइकनंतर फाऊल मारला, म्हणजे चेंडू रेषेबाहेर गेला, तरी बॅटर आउट. काही लीग एक फाऊल माफ करतात, ते त्यांच्या स्थानिक नियमांत लिहिलेलं असतं. बऱ्याच लीग वेळ वाचवण्यासाठी प्रत्येक बॅटरला एक बॉल, एक स्ट्राइक या मोजणीनेच सुरुवात देतात.

पुस्तक पहिल्या पानापासून वाचू नका. मैदान, साहित्य आणि प्रवेशाची प्रकरणं नंतर वाचली तरी चालतील. आधी या पाच गोष्टी पाठ करा: फेअर-फाऊल, इनफिल्ड फ्लाय, अडथळ्याचे दोन प्रकार, चेंडू बाहेर गेला तर किती बेस, आणि बेकायदा पिच.

अडथळ्याचे दोन प्रकार सगळेच गोंधळात टाकतात. हातात चेंडू नसताना क्षेत्ररक्षक रनरच्या वाटेत आला तर ते ऑब्स्ट्रक्शन. रनरने किंवा बॅटरने क्षेत्ररक्षकाला अडवलं तर ते इंटरफिअरन्स. ऑब्स्ट्रक्शनमध्ये डाव्या हाताची मूठ बाजूला ताणून धरायची आणि खेळ पुढे चालू द्यायचा; इंटरफिअरन्समध्ये खेळ तिथेच थांबवायचा. बेकायदा पिचलाही हीच डावी मूठ. बॅटरने तरीही बॅट फिरवली तर जे होईल ते कायम, नाही फिरवली तर बॉल.

आणि इनफिल्ड फ्लाय. मी आता दर बॅटरच्या आधी मनात विचारते: फर्स्ट-सेकंड भरलेत का किंवा तिन्ही बेस भरलेत का? दोनपेक्षा कमी आउट आहेत का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर डोक्यावरच्या टोपीला हात लावून सहकारी अंपायरला खूण करते. मग उंच झेल उडाला आणि इनफिल्डमधला कोणी तो सहज घेऊ शकत असेल, तर मोठ्याने ‘इनफिल्ड फ्लाय, बॅटर आउट’. फाऊल रेषेजवळ असेल तर ‘इफ फेअर’ जोडायचं. चेंडू जिवंतच राहतो, रनर स्वतःच्या जोखमीवर धावू शकतात. आठवण प्रसंगाच्या आधी करायची. प्रसंग घडताना करू गेलात तर उशीर झालेला असतो.

४. साहित्य

यूएसए सॉफ्टबॉलचा फिकट निळा शर्ट, राखाडी पँट, नेव्ही टोपी, काळे बूट. इंडिकेटर, प्लेट झाडायचा छोटा ब्रश, कमरेला चेंडूंची पिशवी. इंडिकेटर डाव्या हातात धरायची सवय लावा, उजवा हात इशाऱ्यांसाठी मोकळा लागतो. स्लोपिचला मास्क नको असं सांगणारे भेटतील. घाला. बॅटच्या कडेला लागून सरळ मागे येणाऱ्या चेंडूला पिच किती हळू होती याच्याशी देणंघेणं नसतं.

५. खरं शिक्षण कुठे मिळतं

लीगची संध्याकाळची बैठक हे ट्रेनिंग नव्हे. तिथे किल्लीच्या पेटीचा कोड, पावसाने मॅच रद्द झाली का ते कळवणारा फोन नंबर आणि पगाराची तारीख सांगतात. यूएसए सॉफ्टबॉलच्या राज्य आणि स्थानिक शाखा सीझनआधी क्लिनिक घेतात, कधी एका दिवसाची, कधी शाळेच्या जिममध्ये. राष्ट्रीय अंपायर स्कूलही भरतं, ते दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी करा. आधी मैदान अनुभवलेलं असलं की तिथलं बोलणं अंगी लागतं. क्लिनिक निवडताना एकच प्रश्न विचारा: मैदानावर किंवा जिममध्ये उभं राहून सराव आहे का? फक्त पडद्यावर नियम वाचून दाखवणार असतील तर ते घरी बसूनही होतं.

याशिवाय तीन गोष्टी मला सगळ्यात जास्त उपयोगी पडल्या.

चांगल्या अंपायरची मॅच कुंपणाबाहेरून बघणं. चेंडूकडे न बघता संपूर्ण इनिंग फक्त अंपायरकडे बघा. तो चेंडू उडण्याआधी कुठे उभा होता, मग किती पावलं गेला, कधी थांबला. इथे कोलंबसच्या बर्लिनर पार्कमध्ये एकाच जागी तीसेक मैदानं आहेत. तिथे एका संध्याकाळी दहा वेगवेगळे अंपायर बघता येतात आणि चांगला कोण हे अर्ध्या तासात कळतं.

फोन. कुंपणाला फोन अडकवून स्वतःची एक इनिंग चित्रित करा. आधी दोन्ही कॅप्टनना सांगा. मी चालता चालता निर्णय देत होते, हे मला चित्रण बघितल्यावरच समजलं.

वही. प्रत्येक मॅचनंतर गाडीत बसून तीन ओळी: कोणता निर्णय चुकला असं वाटतं, तेव्हा मी कुठे उभी होते, पुस्तकात कोणता नियम बघायचाय. दुसऱ्या सीझनच्या शेवटी वही उलटून पाहिली तर चुकीच्या जवळजवळ प्रत्येक निर्णयापुढे ‘कोन चुकला’ असंच लिहिलेलं होतं. नजरेचा दोष फार कमी वेळा होता.

६. उभं कुठे राहायचं आणि किती थांबायचं

अंपायरचा दर्जा या पायरीवर ठरतो, आणि हौशी लीगमध्ये नेमकं हेच शिकवलं जात नाही.

फोर्स प्ले असेल, म्हणजे फक्त बेसला शिवायचं असेल, तर फेकीच्या रेषेला काटकोन करून १५ ते १८ फुटांवर उभं राहा. फार जवळ गेलात तर पाय आणि ग्लोव्ह एका नजरेत मावत नाहीत. बेसकडे बघा आणि चेंडू ग्लोव्हमध्ये पडल्याचा आवाज ऐका. टॅग प्ले असेल, म्हणजे रनरच्या अंगाला चेंडू लावायचा असेल, तर १० ते १२ फूट. तिथे ग्लोव्ह आणि अंग यांच्यामधली फट दिसली पाहिजे, म्हणून रनरच्या वाटेला काटकोन.

पोचायला उशीर झाला तर जिथे आहात तिथे थांबा. धावत दिलेला निर्णय १५ फुटांवरून दिला तरी डळमळतो, कारण डोकं हलत असतं. स्थिर उभं राहून ३० फुटांवरून दिलेला बरा.

मग थांबणं. बघा, ओळखा, मग हात उचला. मला शिकवणाऱ्या अंपायरने सांगितलं होतं, ‘चेंडू ग्लोव्हमध्येच आहे ना, हे एकदा बघ आणि मग बोल.’ आउट म्हणून हात वर गेला आणि चेंडू ग्लोव्हमधून सुटून जमिनीवर लोळत असला, की ती चूक सगळं मैदान बघतं. एक श्वास थांबल्याने कोणी तुम्हाला संथ म्हणत नाही.

बऱ्याच लीग पैसे वाचवायला एकच अंपायर देतात. मग चेंडू मारला गेला की प्लेटमागे उभं राहू नका; कॅचरच्या डाव्या बाजूने बाहेर पडून मैदानात पुढे या, म्हणजे निदान फर्स्ट आणि सेकंडचा कोन मिळतो. सगळं दिसणार नाही. जे दिसलं त्यावर निर्णय द्या, अंदाजावर कोणाला आउट देऊ नका.

कमानीची उंची समजायला सोपी युक्ती: बास्केटबॉलची रिंग १० फुटांवर असते. रिंगखाली उभं राहून कोणालातरी चेंडू टाकायला सांगा. अर्ध्या तासात डोळा बसतो.

७. पहिल्या मॅचच्या दिवशी

अर्धा तास आधी पोचा. मैदानावर चक्कर मारा: खड्डे, कुंपणाची फट, फर्स्टला दुहेरी बेस आहे का. दुहेरी असेल तर बॅटरने मारून धावताना फाऊल बाजूच्या नारिंगी भागावर पाय ठेवायचा, क्षेत्ररक्षकाने पांढऱ्यावर.

मग बॅटा तपासा. हा भाग कंटाळवाणा वाटतो आणि कॅप्टनही घाई करतात, पण यात तडजोड नको. ५० फुटांवरचा पिचर हा मैदानावरचा सगळ्यात उघडा माणूस आहे. लीगच्या संघटनेचा शिक्का आहे का, तडा आहे का, हलवल्यावर आत काही खुळखुळतं का, मुठीकडचं टोक सैल आहे का. आतून तासून पातळ केलेल्या बॅटा फिरतात, त्यांतून चेंडू जास्त जोराने सुटतो. संशय आला तर ती बॅट त्या दिवशी बाहेर.

कॅप्टनना प्लेटपाशी बोलावून वेळेची मर्यादा, धावांच्या फरकाचा नियम आणि स्थानिक नियम वाचून घ्या. गडगडाट ऐकू आला तर मैदान रिकामं करा आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं होईपर्यंत परत सुरू करू नका. ‘शेवटचीच इनिंग आहे’ असं दोन्ही संघ एकमुखाने म्हणतील, तरीही.

८. वाद

नॅशनल असोसिएशन ऑफ स्पोर्ट्स ऑफिशिअल्स या पंचांच्या संघटनेने २०१७ साली १७ हजारांहून अधिक पंचांची पाहणी केली, तेव्हा निम्म्याहून जास्त जणांनी मैदानावरचं वागणं बिघडत चाललंय असं सांगितलं. हौशी लीगमध्ये त्यात बिअरची भर पडते. नवे अंपायर पहिल्याच वर्षी सोडून जातात ते यामुळेच. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण त्यांतले कित्येक चांगले झाले असते.

एक फरक नीट समजून घ्या. तुम्ही काय पाहिलं यावर प्रोटेस्ट (अधिकृत हरकत) होत नाही. नियम चुकीचा लावला यावर होतो, आणि तो पुढची पिच पडायच्या आत करावा लागतो. म्हणून कॅप्टन आला की आधी विचारा, ‘तुमचा प्रश्न मी काय पाहिलं याबद्दल आहे की नियमाबद्दल?’ या एका प्रश्नाने निम्मे वाद थंड होतात. पाहण्याबद्दल असेल तर ‘मला रनर आधी पोचलेला दिसला’, एवढंच एकदा सांगून परत जागेवर जा. नियमाबद्दल असेल आणि तुम्हाला खात्री नसेल तर वेळ थांबवून सहकाऱ्याला विचारा. यात कमीपणा नाही. चुकीचा नियम रेटून नेण्याने मात्र नाव जातं.

फक्त कॅप्टनशी बोला. बाकावरून येणारे शब्द कानाआड करा, पण शिवी, धमकी किंवा अंगावर येणं या तिन्हीला दुसरी संधी नाही. बाहेर काढा आणि त्याच रात्री लेखी अहवाल पाठवा.

आपल्या उच्चाराची काळजी करणारे मला नेहमी भेटतात. उच्चार कोणाला खटकत नाही, पुटपुटणं खटकतं. बेसमेंटमध्ये उभं राहून रोज दहा मिनिटं ‘स्ट्राइक’, ‘फाऊल’, ‘आउट’ पोटातून ओरडा. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

९. लीग तुमच्या हातात असेल तर

पुढे तुमच्यापैकी कोणीतरी ऑफिसची किंवा मंडळाची लीग चालवेल. तेव्हा नव्या अंपायरला पहिले सहा सामने जुन्याबरोबर बेसवर लावा, एकट्याला प्लेटमागे नको. सुरुवात खालच्या डिव्हिजनमधून. एक अनुभवी माणूस महिन्यातून एकदा कुंपणाबाहेर उभा राहू दे आणि मॅचनंतर दोनच सूचना देऊ दे, दहा नकोत. कॅप्टनकडून मत मागवा, पण ‘अंपायर कसा होता’ असं विचारू नका, हरलेला नेहमी वाईटच म्हणतो. वेळेवर आला का, चेंडूमागे धावला का, नियम समजावून सांगितला का, एवढंच विचारा. अनुभवी अंपायरला मॅचमागे थोडे जास्त पैसे द्या, नाहीतर तो शेजारच्या गावी जातो.

क्लिनिकं फेब्रुवारी-मार्चमध्ये होतात आणि एप्रिलमध्ये वेळापत्रक भरलेलं असतं. अंपायर-इन-चीफला जानेवारीतच फोन करा, आणि पहिल्याच फोनवर विचारा की तुम्हाला सुरुवातीला कोणाबरोबर उभं करणार आहेत.